चार ठोके गप्प

१

बुधवारी सकाळी एका गाण्यापायी माझ्या नवऱ्याचं काम जायची वेळ आली, आणि ते गाणं इतकं सुंदर वाजत होतं की आम्ही दोघं आधी ते शेवटपर्यंत ऐकत बसलो. घाबरलो नंतर.

नवरा फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. आमची ठकी, वय महिने दहा, उंच खुर्चीत बसून चमच्यानं ताट बडवत होती. फोनमधून बाई गात होत्या.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"शनिवारचं. आपल्याच कार्यक्रमाचं. काल रात्री कुणीतरी टाकलंय, आता जो तो ऐकतोय." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाई म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत. निम्मं आयुष्य त्यांनी सोल आणि रॉक या दोन परदेशी गायकींच्या मधल्या वाटेनं गाण्यात घालवलं. आवाज खडबडीत, गरम, आणि जिथे फाटतो तिथेच सगळ्यात गोड. त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. नुसतं 'बाई' म्हटलं की पुरतं. यंदा त्यांनी पुन्हा दौरा काढला, तो एका अटीवर. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होणार नाही. "माझा आता आवाज चिरतो," त्या म्हणाल्या होत्या, "समोर बसून ऐकणाऱ्याला ते चालतं. घरी नेऊन पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्याला नाही चालायचं." प्रेक्षकांचे फोनसुद्धा दारावरच पिशवीत बंद करून घेतले होते.

आणि माझा नवरा त्यांचा साउंड इंजिनिअर. सगळ्या वायरी त्याच्या टेबलाशी येतात आणि तिथूनच पुढे जातात. म्हणजे असलं स्वच्छ रेकॉर्डिंग करायचं तर ते कोण करणार?

"तू केलंस?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण बायकोनं विचारलं नाही तर कुणी विचारायचं?

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "मी केलं असतं तर त्यात अशी खरखर ठेवली असती?"

"कसली खरखर?"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. मॅनेजर स्वतः आले होते, आणि ते कधी कुणाच्या घरी जात नाहीत.

२

मॅनेजरांचा शर्ट इतका कडक असतो की ते खुर्चीत टेकत नाहीत. उभ्यानंच त्यांनी फोन काढला आणि सहाव्या गाण्याच्या आधीची जागा लावली.

टाळ्या विरत होत्या. मग बाईंचा आवाज आला, गाण्यातला नव्हे. दबका, शेजारच्याशी बोलावं तसा. "आज थांबायचं नाही हं. थांबवणारा गेला."

"ऐकलंत वहिनी?" मॅनेजर मला म्हणाले. "हे सभागृहात कुणाला ऐकू आलं नाही. मी पहिल्या रांगेत होतो, मलाही नाही. गाणं संपलं की तुमचे मिस्टर बाईंचा माइक सभागृहाकडे बंद करतात, गाणं लागलं की उघडतात. हे कुजबुजणं फक्त त्यांच्या टेबलापाशी ऐकू येतं."

"पण माझं रेकॉर्डिंगचं कार्ड मी तुमच्यासमोर काढून तुमच्या हातात दिलं होतं," नवरा म्हणाला.

"एक दिलंत. खिशात दुसरं नव्हतं कशावरून?"

"बाई काय म्हणतात?" मी विचारलं.

मॅनेजरांनी घसा खाकरला. "बाईंनी शेवटचं गाणं ऐकलं. त्यात आवाज चिरलाय ना, तेवढं ऐकलं आणि फोन उलटा ठेवला. बोलल्या नाहीत. मला त्या ओरडलेल्या परवडतात." ते नवऱ्याकडे वळले. "शुक्रवारी पाचला तालीम आहे. तोवर कुणी केलं ते कळलं तर ठीक. नाहीतर शनिवारी टेबलावर दुसरा माणूस बसेल, आणि का बसला ते मला सगळ्यांना सांगावं लागेल."

ते गेले. या धंद्यात बदनामी वायरीपेक्षा जलद पोचते. 'चोरून रेकॉर्ड करतो' असं एकदा पसरलं की त्याला कुणी साधा लग्नाचा माइकसुद्धा लावू देणार नव्हतं.

सासूबाई आतून बाहेर आल्या. शनिवारी कार्यक्रमाला त्या गेल्या होत्या. मी ठकीपाशी घरी होते. "हा माणूस शनिवारी माझ्या पुढे बसला होता," त्या म्हणाल्या. "टाळ्या वाजवत होता, पण एक टाळी ठोक्यावर पडेल तर शपथ."

मी हेडफोन शोधायला गेले. दहा महिने झाले, मी दुसरं काही केलेलं नाही, नुसतं ऐकलंय. पोर श्वास घेतेय ना, कूस वळली का, ही खरखर तिच्या छातीतली की पाळण्याच्या चाकाची. डॉक्टर म्हणाले, एवढी काळजी करू नका. आता त्या काळजीचा काही उपयोग होतो का, ते बघायचं होतं.

३

तीन वेळा ऐकल्यावर मला दोन गोष्टी दिसल्या. ऐकू आल्या म्हणा.

पहिली: दोन्ही कानांत अगदी एकच आवाज. मी डावा हेडफोन काढून बघितला, उजवा काढून बघितला. काही फरक नाही.

"म्हणजे ते टेबलावरून घेतलेलं नाही," नवरा उठूनच बसला. "मी घेतलं असतं तर गिटार डावीकडे, कीबोर्ड उजवीकडे असं आलं असतं. आणि सभागृहात बसून घेतलं असतं तर आजूबाजूचे खोकले आले असते, घुमारा आला असता. हे एकाच वायरीतून आलंय."

दुसरी ती खरखर. बारीक, जेमतेम ऐकू येणारी. खर्र. खर्र. खर्र. यंत्र बिघडलं की खरखर कशीही होते. ही ठोक्यावर होती. आणि ड्रम वाजण्याच्या केसभर आधी.

"बाईंचा भाचा," नवरा हळूच म्हणाला. "कीबोर्डवर तोच असतो. बाई त्याच्याशीच कुजबुजल्या. आणि दौऱ्याचा अल्बम काढू या म्हणून महिनाभर त्यांच्या मागे लागला होता. बाईंनी झिडकारलं त्याला, सगळ्यांसमोर."

ठकीला पोटाशी पट्ट्यात बांधून मी दुपारी भाच्याकडे गेले. तो घराच्या पायऱ्यांवर कीबोर्डच्या पट्ट्या दात घासायच्या ब्रशनं घासत बसला होता.

"या वहिनी. मला पकडायला आलात ना?"

"कुणी सांगितलं?"

"सकाळपासून तुम्ही चौथ्या. कालपर्यंत मला आईसुद्धा फोन करत नव्हती." तो हसला आणि ब्रश पाण्यात बुडवला. "एक सांगा, त्या रेकॉर्डिंगमध्ये माझा कीबोर्ड ऐकलात?"

मी आठवून बघितलं. बाईंचा श्वास आठवत होता, बेस आठवत होता.

"फारसा नाही," मी म्हणाले.

"फारसा? अहो, नाहीच आहे! पाचव्या गाण्यात माझा दोन मिनिटांचा तुकडा आहे, जीव ओतलाय त्यात. तो असा ऐकू येतो, जसं काही शेजारच्या इमारतीत कुणी शिकतंय. मी चोरलं असतं तर स्वतःला एवढं बारीक ठेवून चोरलं असतं?"

पटण्यासारखं होतं. कलाकार माणूस गुन्हा कबूल करेल, पण स्वतःचा आवाज कमी करणार नाही.

"मग ते 'थांबवणारा गेला' काय होतं?"

त्याचा ब्रश थांबला. "ते मावशीला विचारू नका. मला फक्त एवढं माहीत आहे की सहाव्या गाण्यात मी सवयीनं थांबायला जातो, लहानपणी रेकॉर्ड ऐकलेली ना, आणि ती दर वेळी दटावते. का, ते विचारलं तर दिवसभर बोलत नाही."

ठकीनं तेवढ्यात साबणाच्या पाण्यात हात घातला, आणि चौकशी तिथेच संपली.

४

गुरुवारी सकाळी ठकी काही केल्या झोपेना. तिला पोटाशी बांधून मी घरात फेऱ्या मारत होते. फोन खिशात, हेडफोनची वायर पट्ट्यावरून कानात. कंटाळा आला म्हणून हवामानाचा अंदाज लावला होता.

"उद्या आकाश, खर्र, निरभ्र राहील, खर्र, वारा मंद, खर्र."

मी थांबले. खरखर थांबली. पोरीला थोपटत झुलायला लागले. खर्र, खर्र.

वायरीचं टोक खिशात सैल होतं. मी झुलले की ते हलत होतं.

म्हणजे शनिवारच्या त्या माणसाच्या अंगावरही सैल वायर होती! तो गाण्यावर डोलत होता, आणि त्याच्या प्रत्येक हेलकाव्याची नोंद होत होती. यंत्र टेबलावर नव्हतं, कुणाच्या तरी अंगावर होतं. शिवाय तो ठोक्यावर अचूक डोलत होता. मॅनेजर यातून आपोआप सुटले.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांना काही सांगण्याआधी मी ते सहावं गाणं मोठ्यानं लावलं, खरखर पुन्हा ऐकावी म्हणून. सासूबाईंचे हात आपोआप तालावर चालू लागले. शेंग, दाणे, शेंग, दाणे.

मधोमध एके ठिकाणी फोनमधली खरखर गायब झाली. एक, दोन, तीन, चार ठोके. मग पुन्हा सुरू. बुधवारी मला वाटलं होतं, वायर तेवढी नीट बसली असेल. पण आता माझं लक्ष सासूबाईंच्या हातांकडे होतं, आणि त्याच चार ठोक्यांना त्यांचे हात हवेत थांबले होते.

"आई, तुम्ही का थांबलात?"

"कुठे?"

"आत्ता. इथे."

"इथे थांबायचंच असतं गं," त्या म्हणाल्या. "आता हे लोक सरळ पुढे जातात. आमच्या रेकॉर्डमध्ये इथे सगळे एकदम गप्प व्हायचे. चार ठोके काही नाही. अंगावर काटा यायचा. मग तो ड्रमवाला असा काही परत यायचा!" त्यांनी मटारच्या भांड्यावर हात मारला आणि दाणे घरभर उडाले.

मी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. शनिवारी त्या तिथे होत्या. जुनं गाणं त्यांच्या हातात होतं. त्यांच्याकडे पर्स होती, आणि पर्समध्ये काय काय असतं ते देवाला माहीत.

"आई," मी सावकाश विचारलं, "शनिवारी तुम्ही अंगावर काही यंत्र लावलं होतं का?"

"यंत्र? कानाचं? मला काय कमी ऐकू येतं? तुम्ही दोघं दार लावून माझ्याबद्दल काय बोलता ते शब्दनशब्द ऐकू येतं मला." शेवटचं वाक्य जरा हसून.

माझे कान तापले. पण त्याच क्षणी डोक्यात लख्ख झालं. बंद दाराआडचं सासूबाईंपर्यंत पोचतं, तसं टेबलावरचंही आणखी कुणापर्यंत पोचत असणार.

मी नवऱ्याला हाक मारली. "अरे, तुझ्या टेबलावरून आणखी कुठे वायर जाते? सभागृह सोडून?"

"कुठेच नाही. एक भिंतीत जाते."

"भिंतीत?"

"सभागृहवाले म्हणतात एक वायर इथे लावा, म्हणून लावतो. बाईंचा आवाज जरा वर ठेवून, सगळं एकत्र करून. कायमची उघडी असते, मी तिकडे बघतही नाही." तो बोलता बोलता थबकला. "ती बंद नसते. बाईंचं कुजबुजणं त्यात गेलं असणार."

"पण ती जाते कुणाकडे?"

अकरा वर्षं हा माणूस हे काम करतोय. त्यानं खांदे उडवले. "कधी विचारलंच नाही."

५

ठकीला घेऊन मी त्या वायरीचा माग काढत गेले. सभागृहाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, एक छोटी खिडकी आहे. तिथल्या मावशी लोकरीचं काहीतरी विणत बसलेल्या असतात. खिडकीवर पाटी होती: 'कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पेटी येथे मिळेल.'

"तुम्हीच पहिल्या आलात बघा चौकशीला," मावशी ठकीच्या गालाला लोकर लावत म्हणाल्या. "साउंडवाल्यांना तर ही खिडकी आहे हेसुद्धा माहीत नसतं."

"हो," मी म्हणाले. "आमच्या घरात आहे एक असा."

पेटी म्हणजे साबणाच्या वडीएवढा डबा. दोरीनं गळ्यात अडकवायचा, कानाला हेडफोन लावायचे, आणि मंचावरचा आवाज भिंतीतल्या वायरीतून आणि पुढे हवेतून थेट डब्यात येतो. डब्याला दोन भोकं होती.

"दुसरं कशाला?"

"नवराबायको एकाच पेटीवर ऐकतात कधी कधी. भांडण नसेल तर."

"शनिवारी किती पेट्या दिल्यात?"

"तीन. पेटी न्यायची तर माझ्याकडे काहीतरी ठेवून जायचं, हा माझा नियम. मी माणूस विसरते, वस्तू नाही विसरत. एक छत्री, लाल दांड्याची. ती बाई मध्यंतरातच गेली, नातू रडत होता म्हणून. एक चष्म्याचं घर. ते आजोबा झोपले, मीच उठवलं. आणि एक किल्ल्यांचा जुडगा." मावशींच्या सुया थांबल्या. "त्यात एक किल्ली अशी, की मी जन्मात पाहिली नाही. तिला दात नव्हते! वर आडवी दांडी, खाली नळी, आणि नळीला चौकोनी भोक. म्हटलं, काका, हे कुठलं कुलूप? तर हसले, म्हणाले, आवाजाचं."

"दिसायला कसे होते?"

"सांगितलं ना, माणूस मी विसरते. पण परत करताना पेटी अशी दिली." त्यांनी दोन्ही तळहात ओंजळीसारखे पुढे केले. "आणि रडत होते. आनंदानं की कशानं, ते काही विचारलं नाही."

दात नसलेली किल्ली मी पाहिली होती. दीड महिन्यापूर्वी नवऱ्याच्या खणातून ठकीनं काढून तोंडात घातली होती, आणि मी ती तिच्या घशात जायच्या आत हिसकावून घेतली होती. आईला तोंडात गेलेली वस्तू कधी विसरता येत नाही.

घरी येऊन मी खण उपसला आणि ती नवऱ्यासमोर धरली. "ही कशाची?"

"ड्रमची. कातडं ताणायची. ड्रमवाल्यांशिवाय कुणी बाळगत नाही. ही एकजण माझ्या टेबलावर विसरून गेला होता."

सासूबाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवरून जुनी रेकॉर्ड काढली होती. मागच्या बाजूला चार तरुण माणसं, मधे बाई, आणि एका कोपऱ्यात हातात काठ्या घेऊन हसणारा एकजण. खाली लिहिलं होतं: ड्रम, 'घड्याळ'.

"घड्याळच म्हणायचे त्याला," सासूबाई म्हणाल्या. "त्याचा ठोका चुकायचा नाही म्हणून. एक दिवस अचानक सोडून गेला. एकोणीस वर्षं झाली. बाईंनी त्यानंतर त्याचं नाव काढलं नाही."

६

पत्ता भाच्यानं दिला. "आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "जात कुणी नाही."

शुक्रवारी अकरा वाजता मी बेल दाबली. आवाज झाला नाही. आत दिवा लागला, विझला, लागला, विझला. मग दार उघडलं.

रेकॉर्डवरचंच हसू, फक्त केस गेलेले. दोन्ही कानांमागे यंत्रं. "मोठ्यानं नको बोलूस, हळू बोल, तोंड माझ्याकडे करून," ते मोठ्यानं म्हणाले. "आणि पिल्लाला आत आण."

मी काही विचारायच्या आत ठकीनं टेबलावर चमचा आपटायला सुरुवात केली. मी तिचा हात धरायला गेले, तर काकांनी मलाच थांबवलं. टेबलाच्या लाकडावर त्यांनी तळहात पसरला, डोळे मिटले, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिच्या ठोक्यांच्या मधे मधे वाजवू लागले. ठकीनं चमचा थांबवला. तेही थांबले. तिनं आपटला, तेही सुरू. पोरगी खदखदून हसली. दहा महिन्यांत ती अशी कधी हसली नव्हती, आणि मला क्षणभर विसरायला झालं मी कशाला आले होते ते.

"काका," मी समोर बसून म्हणाले, "शनिवारी तुम्ही पेटीच्या दुसऱ्या भोकातून रेकॉर्डिंग केलंत ना?"

"केलं की!" ते लहान मुलासारखे खुलले. "फोन काढून घेतला दारावर, पण हा जुना रेकॉर्डर कोण विचारतो? पहिलं गाणं गेलं, बटणच सापडेना. पण पुढचं सगळं आलं. तू ऐकलंस?"

"सगळ्यांनीच ऐकलंय, काका."

त्यांना कळेना. मग एकेक करून निघालं. दर सोमवारी ते आणि कानाला यंत्र लावणारे आणखी अकराजण एकत्र जमतात. त्यातल्या निम्म्यांनी गाणं सोडून दिलं होतं. नुसता गोंगाट येतो म्हणे. काकांनी त्यांना दाखवायला रेकॉर्डिंग नेलं: बघा, पेटीतून गाणं येतं, खरंखुरं येतं. सगळ्यांनी मागितलं. सगळ्यांना दिलं. त्यातल्या कुणीतरी ते पुढे धाडलं, आणि मंगळवार रात्रीपर्यंत ते जगाचं झालं.

"बाईंची अट माहीत नव्हती तुम्हाला?"

"अट दारावरच्या माणसानं तोंडानं सांगितली असणार," ते म्हणाले. "मी तेव्हा त्याच्या ओठांकडे बघायचं सोडून छातीवरचा बिल्ला वाचत होतो."

मग मी माझ्या नवऱ्याचं सांगितलं. पाच वाजताची तालीम सांगितली. त्यांचं हसू ओसरलं.

"तिच्यासमोर यायचं?" त्यांनी कानामागचं यंत्र चाचपलं. "पोरी, मी का सोडलं ठाऊक आहे? ऐकू येईनासं झालं. तिचा श्वास ऐकून मी ठोका धरायचो, तो श्वासच येईना. एक दिवस मी चुकलो. ती काही बोलली नाही, माझ्या चुकीला धरून गायली. दुसऱ्या दिवशी मी गेलोच नाही. घड्याळ बंद पडलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"पण शनिवारी श्वास ऐकू आला?"

"सगळा. आणि ती भाच्याला काय म्हणाली, तेही." त्यांनी डोळे पुसले.

अख्ख्या सभागृहात सगळ्यात कमी ऐकू येणाऱ्या माणसालाच तेवढं ते ऐकू आलं होतं.

"काका, पाचला अजून वेळ आहे," मी म्हणाले. "पण ठकीची झोपेची वेळ झालीय, आणि ती रडायला लागली की मला काही सुचत नाही. तेव्हा लवकर ठरवा."

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला.

७

तालमीत सगळे मंचावर उभे होते. माझा नवरा टेबलाशी, वायरी गुंडाळत, निरोप घ्यायला आल्यासारखा. बाई एका खोक्यावर बसल्या होत्या, पांढरे केस आखूड कापलेले, पायात खेळाचे बूट. ठकी माझ्या पोटाशी झोपली होती, म्हणून मी सगळं कुजबुजत सांगितलं आणि सगळ्यांना जवळ येऊन ऐकावं लागलं.

दोन्ही कानांत एकच आवाज, म्हणून भिंतीतली वायर. कुजबुज आली, कारण ती वायर बंद होत नाही. खरखर, म्हणजे अंगावरची सैल वायर, डोलणारा माणूस.

"तीन पेट्या गेल्या होत्या. एक बाई मध्यंतरात गेल्या, एक आजोबा झोपले," मी म्हणाले. "झोपलेला माणूस ठोक्यावर डोलत नाही. उरला तिसरा. तो ड्रमच्या केसभर आधी डोलतो, कारण तो ठोका ऐकत नाही, देतो. आणि सहाव्या गाण्यात तुम्ही सगळे सरळ पुढे गेलात तिथे तो चार ठोके थांबतो. 'थांबायचं नाही' हे त्याला ऐकू आलं होतं. तरी थांबला. डोक्याला कळलं, अंगाला नाही कळलं."

बाई उभ्या राहिल्या होत्या.

"त्यानं ठेवलेल्या जुडग्यात ड्रमची किल्ली होती," मी म्हणाले.

"कुठे आहे तो?" बाई म्हणाल्या. मंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा तो आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

घड्याळकाका दारातून आत आले. बाई तरातरा उतरल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. एकोणीस वर्षांचं सगळं. काका नुसते बघत राहिले.

"अगं, तोंड वर कर," शेवटी ते म्हणाले. "खाली बघून शिव्या दिल्यास तर मला वाचता कशा येणार?"

बाईंनी तोंड वर केलं. मग त्यांना सगळं समजलं: दोन्ही कानांमागची यंत्रं, पेटी, एकोणीस वर्षं.

"गाढवा," त्या सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाल्या. "ऐकू येत नाही, एवढंच होतं? मला वाटलं, माझं गाणं तुला आवडेनासं झालं."

"शेवटच्या गाण्यात तुझा आवाज चिरला," काका म्हणाले. "बारा बहिरे रडलो आम्ही त्या जागी."

बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता मॅनेजरांच्या कडक शर्टाला डोळे पुसले. मॅनेजर हलले नाहीत. नंतर त्यांनी माझ्या नवऱ्यापाशी येऊन, तोच ओला शर्ट घालून, सगळ्यांसमोर माफी मागितली. नवरा म्हणाला, "चूक माझीही आहे. अकरा वर्षं एक वायर भिंतीत घालतोय, आणि भिंतीपलीकडे कोण आहे ते विचारलं नाही."

"ते रेकॉर्डिंग राहू दे जगात," बाई म्हणाल्या. "खरखरीसकट. उद्याचंही करा."

८

शनिवारी मी ठकीला घेऊन गेले. तिच्या कानांवर मोठी मऊ गुबगुबीत कानझाकणं, तरी माझा एक हात तिच्या पाठीवर. जिन्याखालच्या खिडकीत मावशींकडच्या सगळ्या पेट्या संपल्या होत्या. काउंटरवर छत्र्या, टोप्या, चष्मे, आणि एक दातांची कवळीसुद्धा. बारातले अकराजण तिसऱ्या रांगेत होते.

बारावा मंचावर होता. नव्या ड्रमवाल्याच्या शेजारी, ड्रमच्या लाकडी पाटावर अनवाणी पाय ठेवून, गळ्यात पेटी घालून.

सहावं गाणं आलं. बाईंनी भाच्याकडे बघितलं, पण कुजबुजल्या नाहीत. मधोमध घड्याळकाकांनी हात वर केला, आणि सगळं एकदम गप्प झालं.

एक. माझ्या शेजारी सासूबाईंचे हात हवेत थांबले.

दोन. टेबलाशी बसलेल्या नवऱ्यानं एकही बटण हलवलं नाही.

तीन. कुणी खोकलं नाही, कुणी श्वास घेतला नाही.

आणि चौथ्या ठोक्याला, त्या गच्च भरलेल्या शांततेत, ठकी खदखदून हसली.

काकांना ते ऐकू आलं. बाईंच्या उघड्या माइकमधून, भिंतीतल्या वायरीतून, सरळ त्यांच्या कानात. त्यांनी हात खाली आणला, नव्या ड्रमवाल्यानं ठोका दिला, आणि बाई गायल्या.

रेकॉर्डिंग स्वच्छ आलंय. नवऱ्यानं विचारलं होतं, ते हसणं काढून टाकू का म्हणून. बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याचं काम पुन्हा जाता जाता राहिलं.